पाय कुणाचे

"मॅडम, तुमचा पाय चुकीचा पडतोय," बुटांच्या दुकानातला विक्रेता म्हणाला, आणि इतक्या अदबीनं म्हणाला की आपल्याला काहीतरी वाईट बोललं गेलंय हे तिच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. ती नुकतीच दुकानातल्या पळायच्या सरकत्या पट्ट्यावरून उतरली होती. पट्ट्यामागे जमिनीलगत कॅमेरा होता आणि आता भिंतीवरच्या पडद्यावर तिचेच पाय संथपणे पळत होते. गुडघ्यापासून खालचे, वर बाई नाहीच. स्वतःचे पाय मागून कुणी कधी बघतं? तिलाही ते ओळखीचे वाटेनात. एखादी लांबची मावशी पाठमोरी दिसावी, दोन्ही हातांत पिशव्या, आपल्याच नादात लगबगीनं चाललेली, तसे ते दिसत होते. जरा थकलेले, पण कामसू. विक्रेत्यानं बोट लावलं तशी टाचेवर एक लाल रेघ उमटली. टाच आत कलतेय, तो म्हणाला, त्यामुळे गुडघा आत जातो, गुडघ्यामुळे कंबर, आणि मग पुढचं तुम्हाला माहीतच आहे. तिला काही माहीत नव्हतं. मी बरीच वर्षं पळतेय, लांब पल्ल्याच्या शर्यती पळतेय, असं ती म्हणाली. त्यावर त्यानं सहानुभूतीनं मान हलवली. "नशीब चांगलं तुमचं, मॅडम," तो म्हणाला.

मग त्यानं आतून एक खोकं आणलं. त्यातल्या बुटांचा तळ एवढा जाड होता की त्यावर एखादं तान्हं मूल झोपवावं. आतल्या बाजूला, कमानीखाली, वेगळ्या रंगाचा टणक टेकू. हा तुमच्या पायाला सरळ ठेवेल, तो म्हणाला, स्टुलावर बसून तिचं पाऊल मांडीवर घेत. तिनं पाऊल काढून घेतलं, आपल्या चपला घातल्या, त्याचे आभारही मानले आणि बाहेर आली. कोपऱ्यापर्यंत ती शहाण्यासारखी चालत गेली. कोपऱ्यावर सिग्नलला उभी राहिली आणि तिथे तिची तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे इतकी वर्षं, पहाटेचं सारं शहर झोपलेलं असताना, कारखान्यांच्या भिंतींच्या कडेनं, नदीच्या पुलावरून, थंडीत बोटं बधिर झालेली असताना, तापातून उठल्यावर, आई नसलेल्या घरातून सासरी आल्यावर, ज्या पायांनी तिला स्वतःच्या अंगातून बाहेर नेलं आणि परत आणून सोडलं, ते सगळं नशीब. पाय नाहीत, नशीब पळत होतं. सिग्नल हिरवा झाला तरी ती तशीच उभी, मागचा माणूस तिला ओलांडताना काहीतरी पुटपुटला.

ती एका विमा कंपनीत अपघातांचे दावे तपासायची. चूक कुणाची, एवढंच ठरवायचं काम. जिना चढताना बाई पडली तर जिना चुकला की बाई? यंत्रात बोट गेलं तर यंत्र की बोट? इतक्या वर्षांत तिच्या एक लक्षात आलं होतं, की चूक पाण्यासारखी असते, उताराकडे वाहते, आणि शेवटी जो खाली पडलेला असतो त्याच्याच अंगाखाली साचते. यंत्र बनवणाऱ्यांकडे वकील असतात, बोटाकडे कोण असतं? बोट नसलेला माणूस. तिनंही कित्येकदा लिहिलं होतं, दावेदाराचा निष्काळजीपणा, आणि कागद पुढे सरकवून चहाला गेली होती. आता चालता चालता ते शब्द तिला स्वतःच्याच घोट्यांवर शिक्का मारल्यासारखे वाटायला लागले.

कारण हे पहिल्यांदा होत नव्हतं. गेल्या वर्षी हेच झालं होतं, फक्त उलट्या तोंडानं. तिच्या पळणाऱ्यांच्या गटात एकजण होता, बँकेत संगणक सांभाळणारा, दाढी वाढवलेला. त्याला सगळे ऋषी म्हणायचे आणि त्यालाही ते आवडायचं. ऋषीनं बूट टाकले होते. नुसते टाकले नव्हते, तो त्यांच्याविरुद्ध बोलत फिरायचा. बूट म्हणजे पायाचा तुरुंग. आदिमानव हरणामागे दिवसभर पळायचा तेव्हा त्याच्या पायात काय होतं? टाचेवर कोण आपटतं, बूट घातलेला. अनवाणी माणूस आपोआप चवड्यावर उतरतो, मांजरासारखा. ज्याला अनवाणी जमत नाही त्यानं निदान कागदासारख्या तळाचे बूट घालावेत. तिला ते पटलं होतं. पटलं म्हणण्यापेक्षा, त्या पातळ बुटांतली पहिली सकाळ तिला विसरता येत नव्हती. इतकी वर्षं ती जमिनीशी दुभाष्यामार्फत बोलत आली होती आणि त्या सकाळी दुभाष्या उठून निघून गेला. डांबराचा खरखरीतपणा कळला. रस्त्यावरचा पांढरा पट्टा डांबरापेक्षा गार आणि गुळगुळीत असतो हे कळलं. गटाराच्या लोखंडी झाकणावरची नक्षी तळव्याला मोजून घेता आली. पोटऱ्या दोन दिवस पेटल्या होत्या, जिना उतरताना ती कठड्याला लोंबकळत होती, आणि तरी हसत होती. नवरा म्हणाला होता, तुला कुणी मारलंय का?

आणि मग एके दिवशी पुलावर बुटात खडा गेला. ती थांबली, कठड्यावर बसली, बूट काढून झटकला. खडा नव्हता. पुन्हा घातला, पळाली, पुन्हा तोच खडा, बोटांच्या मागे, मधोमध. पुन्हा झटकला. तिसऱ्या वेळी तिला कळलं की खडा बुटात नाही, पायात आहे. हाडाला केसाएवढी भेग गेली होती. डॉक्टर म्हणाले, या वयात असले प्रयोग कशाला. म्हणजे चूक वयाची, आणि वय तिचंच. ऋषी भेटायला आला तेव्हा ती पाय उशीवर ठेवून पडली होती. त्यानं पायाकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "तू बूट सोडलेस, पण बुटाची सवय सोडली नाहीस. पायाचं ऐकलं नाहीस तू." ती ऐकतच राहिली. पायाचंच तर ऐकलं होतं, अगदी भेग जाईपर्यंत ऐकलं होतं. आणि तो आदिमानव, हरणामागे पळणारा, तो तरी किती वर्षं जगला? त्याच्या गुडघ्याला कुणी विचारलं होतं का? पण हे तिला तो जिना उतरून गेल्यावर सुचलं. तिला नेहमी जिन्यावरच सुचायचं.

घरी येऊन तिनं नवऱ्याला दुकानातली हकिगत सांगितली. नवरा शाळेत रसायनशास्त्र शिकवायचा आणि कशानं काय होतं हे एकदा कळलं की त्याच्या दृष्टीनं प्रश्न मिटलेला असायचा. "मग घेऊन टाकायचेस ना," तो म्हणाला. मशीन कशाला खोटं बोलेल. ती बोलायला लागली तसा तो भाजी चिरायचा थांबला. ती विक्रेत्याबद्दल बोलली, ऋषीबद्दल, डॉक्टरबद्दल, बूट विकणाऱ्या आणि बूट न विकणाऱ्या सगळ्या जगाबद्दल, जाहिरातीतल्या त्या घाम न येणाऱ्या बायांबद्दल. एकजण म्हणतो खाली गादी घाल, दुसरा म्हणतो गादी काढ, आणि मोडलं की दोघं एकाच बाजूला उभे राहून माझ्याकडे बोट दाखवतात. नवऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. मग त्यानं सुरी खाली ठेवली. "खरं सांगू? हे एवढं सगळं त्या दुकानातल्या पोराबद्दल असेल असं मला नाही वाटत," तो म्हणाला. "तुला नक्की राग कुणाचा आलाय?" ती म्हणाली, तुझाच. पण प्रश्न दातात अडकलेल्या पेरूच्या बीसारखा राहिला. जीभ पुन्हा पुन्हा तिथेच जायची.

कार्यालयात कुणाच्या तरी मोडलेल्या मनगटाचा दावा समोर उघडा असताना तिला तपकिरी कातड्याचा वास आला. कुठून आला कुणास ठाऊक. लहानपणीचे ते बूट घोट्याच्या वर यायचे. नाडीला अठरा भोकं, आत लाकडासारखा कडक टेकू, आणि टाचेला लोखंडी नाल, झिजू नये म्हणून. ती पहिलीत असल्यापासून पाचवीपर्यंत तेच बूट, पाय वाढला की नवे, पण तेच. वर्गातल्या मुली तिला टांगा म्हणायच्या. तो टांगा वर्गात यायच्या आधी त्याचा आवाज यायचा. खेळाच्या तासाला ती भिंतीला टेकून बाकीच्यांचे डबे आणि रिबिनी सांभाळायची, आणि मुली धुळीत पळायच्या, आणि त्यांचे पाय जमिनीला लागल्यावर आवाजच होत नसे, ही गोष्ट तिला तेव्हा फार आश्चर्याची वाटायची. रोज सकाळी बाबा स्वतः नाड्या बांधायचे. घट्ट, अगदी वरच्या भोकापर्यंत. आई गेल्यावर घरातली किती तरी कामं त्यांनी सोडून दिली होती, घड्याळाला किल्ली द्यायची, झाडांना पाणी घालायचं. पण नाड्या एकदाही चुकल्या नाहीत. सपाट तळवे. सपाट तळव्याची मुलगी. बाळाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात, तर हिचे जरा जास्तच दिसले होते. आणि आता त्या पडद्यावर, लाल रेघेखाली, तीच मुलगी पुन्हा भिंतीला टेकवून उभी केली होती. मनगटाच्या दाव्यावर तिनं त्या दिवशी काहीच लिहिलं नाही. घरी जाताना मात्र नवऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं असं तिला वाटलं आणि येत्या सुट्टीच्या दिवशी ते उत्तर घेऊन ती बाबांकडे गेली.

बाबा तिच्या भावाकडे राहायचे. पूल बांधणाऱ्या खात्यात सगळी नोकरी झालेली. आधाराशिवाय काहीही उभं राहत नाही हे त्यांचं एकमेव तत्त्वज्ञान, आणि ते माणसांनाही लावायचे. खिडकीपाशी खुर्ची, मांडीवर वर्तमानपत्र, चष्मा कपाळावर. भाऊ घरी नव्हता. वहिनीनं चहा ठेवला. इकडचं तिकडचं बोलणं झालं, बाबांच्या गुडघ्याबद्दल, नळाच्या पाण्याबद्दल, आणि मग ती म्हणाली,

"बाबा, मला ते बूट घालायला कुठल्या डॉक्टरनं सांगितलं होतं?"

बाबांना आधी कुठले बूट ते कळलं नाही. कळल्यावर त्यांचा चेहरा उजळला. हे तिला अपेक्षित नव्हतं. डॉक्टरनं कुठलं सांगायला, ते म्हणाले. डॉक्टर म्हणाला होता काहीच करू नका. लहान मुलांचे तळवे सपाटच असतात, वाढता वाढता होतील नीट, नाही झाले तरी काही बिघडत नाही. चांगला नामांकित माणूस होता, भिंतभर पदव्या लावलेल्या.

"मग?" ती म्हणाली.

"मग काय? असं म्हणणाऱ्यांवर मी पुन्हा भरवसा ठेवणार होतो होय?" बाबांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "तुझ्या आईच्या वेळी दुसरं काय म्हणाले होते? वाट बघा, आपोआप जाईल. बघितली ना वाट."

वहिनी चहाचा कप हातात घेऊन दारातच थांबली. बाबा सांगत होते, आणि त्यांच्या आवाजात पश्चात्ताप औषधालाही नव्हता. त्यांनी स्वतः कागदावर तिचं पाऊल गिरवून घेतलं होतं, टेकूचा कोन स्वतः काढला होता, आणि बूट बनवणाऱ्यानं कुरकुर केली तेव्हा त्याच्यासमोर बसून करून घेतले होते. सगळ्या बिल्डिंगला ते हे सांगायचे, म्हणे. माझी मुलगी पळते, आणि का पळते माहितीये?

तिला वाटलं, आपण भांडायला आलोय आणि हा माणूस हार घालून घ्यायला मान पुढे करतोय. तिनं जुळवून आणलेली सगळी वाक्यं, टांगा, भिंत, रिबिनी, जागच्या जागी विस्कटली. आणि राग मात्र गेला नाही, उलट त्याला बसायला जागाच राहिली नाही, तो घरभर फिरू लागला. त्या नामांकित डॉक्टरवर जावा, तर तो तिच्या पायांबद्दल खरं बोलला होता. आईबद्दल जे बोलले ते मरून गेले असतील. आई स्वतः तर कधीच गेली. उरला खिडकीपाशी बसलेला हा म्हातारा, ज्यानं एका बाईच्या मरणाची भरपाई एका पोरीच्या घोट्यांकडून वसूल केली होती, रोज सकाळी, अठरा भोकांनी, आणि ज्याला ती वसुली काळजी वाटत होती. काळजीच होती ती. हेच तर अडचणीचं होतं. निष्काळजीपणा असता तर तिला लिहिता आला असता.

"मला त्या बुटांत पळता येत नव्हतं, बाबा," ती म्हणाली.

"पळायला नव्हतेच ते. उभं राहायला होते."

"माझ्या पायांना काही झालेलंच नव्हतं."

"हे आता कळतंय," बाबा म्हणाले. "तेव्हा कुणाला माहीत होतं?"

चहा गार झाला होता, तरी तिनं तो एका घोटात प्यायला. निघताना वहिनीनं विषय बदलायचा म्हणून पुढच्या शर्यतीचं विचारलं, आणि शर्यतीचा रस्ता आपल्या कोपऱ्यावरूनच जातो हे तिच्याकडून कळल्यावर बाबा म्हणाले, असं होय. एवढंच. ते तिची एकही शर्यत बघायला आले नव्हते. तिनंही कधी बोलावलं नव्हतं. जिना उतरताना या वेळी तिला काहीच सुचलं नाही.

शर्यतीच्या आधल्या आठवड्यात तिनं बूट घेतले. घराजवळच्या साध्या दुकानात गेली, जिथे शाळेचे बूट आणि पावसाळी चपला एकाच कपाटात असतात. एक जोड चढवला, दारातून बाहेर पडली आणि पदपथावरून सरळ पळत सुटली. मागून दुकानदार हाका मारत होता. वळणापर्यंत जाऊन आली. दुसरा जोड. तिसऱ्या जोडाला दुकानदार हाका मारायचा थांबला आणि दारात खुर्ची टाकून बसला. तो तिसरा कुठे टोचला नाही, कुठे बोलला नाही. जाड म्हणावा तर नाही, पातळही नाही, रंग कुणी मुद्दाम निवडणार नाही असा. हाच बरोबर आहे का, असं दुकानदाराला विचारायचा मोह तिला झाला, सवयीनं. तो तिनं गिळला.

शर्यतीच्या सकाळी ऋषी सुरुवातीच्या रेघेपाशीच भेटला, अनवाणी, पायाची बोटं सुटी सुटी, झाडाच्या मुळांसारखी. त्यानं तिच्या बुटांकडे बघून मान हलवली. "पुन्हा गादी?" तो म्हणाला.

"ऋषी, तुझे पाय तू बघ," ती म्हणाली, आणि आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी वेळेवर सुचलं म्हणून तिला इतका आनंद झाला की पहिला टप्पा ती भलत्याच वेगानं पळाली. पण ऋषी पुढे गेला. त्याचा राग करण्याची सोय त्यानं ठेवली नाही, इतका तो सुंदर पळत होता. टाच जमिनीला लागतेय न लागतेय, खांदे स्थिर, जणू कुणी त्याला वरून दोरीनं अलगद उचलून धरलंय. तो त्याच्या बाबतीत बरोबर होता. मग जाड तळाच्या बुटांतली एक बाई, तिच्याहून वयानं मोठी, धप धप करत आली आणि मजेत पुढे गेली. तीही बरोबरच असणार. बाबाही बरोबर असतील, कुणी सांगावं, ते बूट नसते तर काय झालं असतं हे बघायला दुसरी मुलगी कुठून आणायची? सगळेच बरोबर होते, आणि हे तिला सहन होत नव्हतं. ती पळत होती आणि मनातल्या मनात भांडत होती, विक्रेत्याशी, ऋषीच्या लांब जात चाललेल्या पाठीशी, पदव्यांनी भरलेल्या भिंतीशी, आईशीसुद्धा, की तू वाट का बघत बसलीस. श्वास आखूड झाला तशी भांडणं एकेक करून गळाली. पूल आला. पुलावर तिनं नकळत त्या बोटांमागच्या जागेकडे लक्ष दिलं, दुखतंय का म्हणून, दुखत नव्हतं. मग लक्ष देणंही राहून गेलं. डांबर ऊन होत चाललं होतं. कडेला कुणी पाणी धरत होतं, ते अर्धं तोंडात, अर्धं मानेवर. पाय पडत होते, टाच आत कलत असेल तर कलत होती.

भावाच्या घराचा कोपरा आला तेव्हा तिला आधी वहिनीची छत्री दिसली. छत्रीखाली खुर्ची होती, पण रिकामी. बाबा उठून पदपथाच्या अगदी कडेला आले होते, काठीवर दोन्ही हात, कमरेत वाकलेले, आणि येणाऱ्याजाणाऱ्यांचे पाय बघत होते. चेहऱ्यांकडे त्यांचं लक्षच नव्हतं. माणसं हसत होती, हात हलवत होती, एक तर पिवळी टोपी घालून नाचत पळत होता, आणि बाबा मात्र खाली, सगळ्यांच्या गुडघ्याखालून काहीतरी शोधत असल्यासारखे. आणि मग त्यांची नजर थांबली. ती अजून बरीच लांब होती, मध्ये कितीतरी जण होते, पण नजर थांबली आणि तिच्या पायांबरोबर सरकायला लागली, डावा, उजवा, डावा, जसं कधी काळी आपण बांधलेल्या पुलावरून पहिली गाडी जाताना ते बघत असतील. इतक्या पायांतून त्यांनी तिचे ओळखले होते. आतून काहीतरी वर आलं. ते रडू नव्हतं, तिनं तपासून बघितलं. तो रागच होता, पार लहानपणीचा, अजून एकदाही न वापरलेला.

"बाबा, वर बघा," ती ओरडली. "मी इथे वर आहे."

आजूबाजूच्यांनी वळून बघितलं. बाबांनी मान वर केली. तिचा चेहरा सापडायला त्यांना क्षणभर लागला, उन्हानं डोळे बारीक झालेले, आणि सापडला तेव्हा ते तिच्याकडे बघतच राहिले, घामानं चिकटलेले केस, लाल झालेले गाल, उघडं तोंड, हे सगळं पहिल्यांदाच दिसल्यासारखं. ती अगदी समोर आली होती. त्यांनी काठीवरचा एक हात उचलला.

"अगं, पुढे बघ," ते म्हणाले. "पडशील."

पुढे चढ होता. मोठा चढ, सगळ्या गटाला धास्ती वाटणारा. तो कुठे सुरू झाला आणि कुठे संपला ते तिला कळलंही नाही, इतकी ती चिडली होती.